जमेलकाकांची शेगडी

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं. कारखान्यात, गल्लीत, बायकोच्या गिऱ्हाइकांत ते सगळ्यांचे जमेलकाका. का, तर काहीही विचारा, उत्तर एकच. काका, संध्याकाळपर्यंत होईल का? जमेल. काका, यातला एक नट हरवलाय. जमेल. काका, अहो हे मुळात शक्यच नाही! बघू की, जमेल. ‘नाही’ हा शब्द या माणसाच्या तोंडाला कधी शिवला नव्हता. तरुणपणी एका मुलीनं धीर करून विचारलं होतं, मी आवडते का तुम्हाला, तेव्हाही स्वारी म्हणाली, “जमेल.” त्या मुलीनं तरीही त्यांच्याशी लग्न केलं, पण ते उत्तर तिनं आजतागायत माफ केलेलं नाही.

अशा माणसाला जग भला म्हणतं. जगाचं काय जातंय! ज्याला सगळं जमतं त्याच्याकडून सगळे सगळं करून घेतात, आणि वर म्हणतात, काका म्हणजे देवमाणूस.

काकांच्या कारखान्यात इंजिन चालू करायच्या मोटरी बनत. इंजिन ही मोठी आळशी चीज. आपणहून उठायचं नाव नाही. कुणीतरी धरून दोनचार गरके द्यावेत, तेव्हा कुठे ते पेटतं, आणि मग असं गुरगुरतं की वाटावं स्वतःच उठलं. ते गरके देणारी ही मोटर. काम सेकंदभराचं, श्रेय कुणाचं म्हणाल तर इंजिनाचं. काकांचा तिच्यावर जीव होता, यात नवल नाही.

अंगणाच्या टोकाला, रंगकामाच्या शेडमागे टेस्ट रूम होती. पत्र्याचं छप्पर, कधीच नीट न बसणारी एक खिडकी, भिंतीवर थर्मामीटर, आणि मधोमध लोखंडी बेंचला बोल्टांनी आवळलेलं एक डिझेल इंजिन. नवी मोटर आली की ती या इंजिनाला लावायची आणि बघायचं, फिरवते का. सव्वीस वर्षं काका हेच बघत होते. बघत म्हणजे ऐकत होते. डोळे मिटून स्टुलावर बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, हिचं बेअरिंग कोरडं आहे, हिच्या गुंडाळीत कुठेतरी कच्चं काम आहे. उघडून बघावं तर तसंच असायचं.

पण देवानं एवढा कान दिला आणि सोबत तो ‘जमेल’ दिला. बेंचच्या पॅनेलवर इंजिनातल्या तेलाचं तापमान दाखवणारा एक आकडा होता. त्याचा सेन्सर एक दिवस मेला आणि पॅनेलवर लाल दिवा लागला. काकांनी नवा सेन्सर मागितला. स्टोअर म्हणालं, खरेदीला विचारा. खरेदी म्हणाली, साहेबांची सही आणा. साहेब म्हणाले, तूर्त काही जमतंय का बघा. बस, जादूचा शब्द आला! काकांनी सेन्सरच्या जागी नखाएवढा एक रेझिस्टर जोडून दिला. लाल दिवा गेला. तेव्हापासून तेल बारा महिने, चोवीस तास, वीस अंशांवर. बाहेर उन्हानं पत्रा तापो की पहाटे खिडकीवर दंव साचो, तेल आपलं वीस. स्टोअर खूश, खरेदी खूश, साहेब खूश. चार वर्षांत काका स्वतःच ते विसरून गेले.

मग आलेखराव आले.

हेही त्यांचं खरं नाव नव्हे. हा शिकूनसवरून आलेला, चष्म्याचा, बारीक आवाजाचा तरुण गृहस्थ बोलताना दर दोन वाक्यांनी हवेत बोटानं आलेख काढायचा, म्हणून कामगारांनी बारसं केलं. कंपनीनं नवी मोटर बनवायला घेतली होती. उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद व्हावं आणि निघताना क्षणात पुन्हा चालू व्हावं, म्हणजे इंधन वाचतं, त्यासाठीची. हिला एक कंट्रोलर होता. इंजिन किती वेगानं फिरतंय ते बघून किती करंट सोडायचा हे तो सेकंदात हजारदा ठरवणार. आणि सव्वा सेकंदात इंजिन पेटलं नाही तर काहीतरी अडकलंय असं समजून मोटर जळू नये म्हणून करंट तोडणार. पण इंजिन फिरायला किती जोर लागतो हे त्या कंट्रोलरला कुणी सांगायचं? ते सांगायला आलेखरावांनी मॉडेल केलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात आकड्यांची एक मोटर आणि आकड्यांचं एक इंजिन. बटन दाबलं की ती मोटर त्या इंजिनाला फिरवते आणि पडद्यावर वेगाची निळी रेघ उमटते. मग बेंचवर तीच चाचणी खरी करायची. तिची लाल रेघ. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या की मॉडेल खरं. नाही बसल्या की आलेखराव खोटे.

पहिल्या चाचणीला मोठे साहेब जातीनं आले. हिवाळ्यातली सकाळ होती, भिंतीवरचा थर्मामीटर सहावर. आलेखरावांनी भिंतीकडे न बघता पॅनेलवरून तेलाचं तापमान टिपून घेतलं, वीस, आणि मॉडेलमध्ये घातलं. निळी रेघ ऐटीत वर चढली. लाल रेघ मात्र पोटात दुखत असल्यासारखी वाकून चालली होती. चालायचीच! थंडीनं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं.

“हे काय?” मोठे साहेब म्हणाले.

आलेखराव चष्मा पुसू लागले.

“पुढच्या आठवड्यात पुन्हा बघतो मी,” साहेब म्हणाले. “तेव्हाही असंच असेल तर तुम्ही दुसरीकडे कुठेतरी रेघा मारा.”

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. मॉडेल बरोबर होतं. पहिल्या दिवशी, पहिल्या झटक्यात, त्या पोरसवदा माणसानं बरोबर मॉडेल केलं होतं. खोटा होता तो काकांचा वीसचा आकडा. काकांनी एवढं एकच म्हणायचं होतं, की साहेब, तो सेन्सर मेलाय, ते वीस खरं नव्हे. पण चार वर्षं लपलेली गोष्ट, मोठ्या साहेबांसमोर? काकांना ती आठवली, घशापर्यंत आली, आणि त्यांनी ती आवंढ्याबरोबर गिळली. दुपारभर आलेखराव बेंचजवळ डोकं धरून बसले होते. डबासुद्धा उघडला नव्हता. काकांचं काळीज विरघळलं.

“साहेब, जेवून घ्या,” ते म्हणाले. “जमेल.”

दुसऱ्या दिवशी काका तासभर आधी कामावर आले, काखेत घरची विजेची शेगडी घेऊन. ती त्यांनी इंजिनाच्या खाली, तेलाच्या चेंबरला टेकवून लावली. हेतू चांगलाच होता, तेल वीसच्या आसपास आणावं. पण अंदाज कशाचा घेणार? पॅनेल तर आधीपासूनच वीस सांगत होतं! तासाभरात तेल इतकं तापलं की चेंबरला बोट लावून काकांनी ते कानाला लावलं. आलेखराव येण्याआधी शेगडी कपाटात गेली. चाचणी झाली, आणि लाल रेघ निळीच्या वर!

“अरेच्चा!” आलेखराव उठून उभेच राहिले. “म्हणजे तेलाचा विरोध मी जास्तच धरला होता की! काल इंजिन नीट बसलेलं नसणार. काका, हात लावलात का काही?”

“थोडं आवळलं,” काका म्हणाले.

आलेखरावांनी बरोबर असलेला आकडा खोडून चुकीचा घातला. आठवड्यानं मोठ्या साहेबांसमोर दोन्ही रेघा अशा एकमेकींवर बसल्या की एकच दिसावी. आलेखरावांनी काकांना मिठी मारली. “काका, तुमचा हात लागला की इंजिन शहाण्यासारखं वागतं!” असं म्हणाले. सव्वीस वर्षांत काकांना कुणी मिठी मारली नव्हती. झालं, मेला माणूस.

तेव्हापासून रोज सकाळी शेगडी. घरी काकू विचारायच्या, माझी शेगडी कुठेय? काका म्हणायचे, दुरुस्तीला टाकलीय. काकू घरातच शिवणकाम करायच्या. उसवणं, आखूड करणं, कंबर ढिली करणं, असल्या कामांना त्यांच्याकडे रांग असे. कपड्याच्या एका शिवणीवरून माणसाचं खाणंपिणं ओळखणारी ती बाई. तिला शेगडीची थाप कळली नसेल? पण कधी उसवायचं हेही तिला कळत होतं.

वीस महिने हे चाललं. या काळात आलेखरावांच्या मॉडेलची कीर्ती पार वरच्या मजल्यावर गेली. मॉडेल म्हणालं, एवढी मोठी मोटर कशाला? इंजिन तर लोण्यासारखं फिरतंय. मग मोटर एक तृतीयांश लहान केली. वजन कमी, तांबं कमी, मोठ्या साहेबांची छाती रुंद. कुणीतरी दबकत विचारलं, कडाक्याच्या थंडीत चालेल का? आलेखरावांनी कॉम्प्युटरमध्ये उणे वीस अंश टाकले, बटन दाबलं, आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडून, चहाचे घुटके घेत एका दुपारी अख्खा हिवाळा उरकला. चालते, म्हणाले.

आणि मग एक दिवस मोठ्या साहेबांना तर्क सुचला. तर्क बिनतोड होता. ज्याअर्थी मॉडेल आणि बेंच एकच उत्तर देतात, त्याअर्थी बेंच हवंच कशाला? टेस्ट रूम पाडायची, तिथे पाहुण्यांसाठी काचेचं दालन करायचं. अँब्युलन्सच्या ताफ्याचं मोठं काम मिळायचं होतं, त्यांच्यासमोर एक शेवटची चाचणी झाली की बेंचला सुट्टी. आणि बेंचबरोबर काकांनाही. निवृत्तीला तीन वर्षं होती, ती साहेबांनी उदारपणे आजच देऊ केली.

बघा कसं असतं! बेंचची रेघ मॉडेलशी जुळवता जुळवता काकांनी स्वतःच स्वतःला अनावश्यक करून ठेवलं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा मारणारे पुष्कळ असतात. वीस महिने, रोज तासभर लवकर येऊन मारणारे हेच.

त्या संध्याकाळी काकांनी घरी सगळं सांगितलं. सेन्सर, शेगडी, रेघा, दालन. काकू पायजम्याची कंबर उसवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“म्हणजे माझी शेगडी वीस महिने इंजिनाखाली,” त्या म्हणाल्या.

“अगं, ते महत्त्वाचं नाही—”

“महत्त्वाचंच आहे. अहो, माणसाचं माप घेऊन कपडा शिवतात. तुम्ही कपडा शिवलेला बघून माणूस ताणत बसलात. आणि तो कपडा आता कुणाच्या अंगावर चढणार? अँब्युलन्सच्या! उद्या थंडीच्या दिवसांत कुणाच्या दारात गाडी उभी राहिली आणि हललीच नाही, तर?”

“मी सांगतो साहेबांना.”

“काय सांगाल?”

“जे आहे ते.”

“बघू, जमतंय का,” काकू म्हणाल्या आणि दातांनी दोरा तोडला.

काका गेले हो, खरंच गेले. मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन उभे राहिले, “साहेब, एक चूक झालीय” इथपर्यंत म्हणाले. साहेबांनी टेबलावर दालनाचा नकाशा पसरला होता. “या या! हे बघा, तुमचं बेंच इथे कोपऱ्यात ठेवणार आपण. चंदेरी रंग देऊन. खाली पाटी. कसं दिसेल?”

“छान दिसेल,” काका म्हणाले, आणि परत आले.

मग त्यांना युक्ती सुचली. सांगायची गरजच काय? शेवटच्या चाचणीच्या दिवशी शेगडी लावायचीच नाही! खिडकी रात्रभर सताड उघडी टाकायची. इंजिन उठणार नाही, सगळ्यांना कळेल की खऱ्या इंजिनावर तपासल्याशिवाय भागत नाही, बेंच वाचेल, काका वाचतील, अँब्युलन्स वाचतील. आणि तोंडातून एक शब्द न काढता! पुन्हा जमवाजमवच. पण काकांना वाटलं, हा आपल्या आयुष्यातला पहिला शूरपणा.

तो दिवस उजाडला तेव्हा थर्मामीटर दोनवर होता. टेस्ट रूममध्ये बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मोठे साहेब नवा कोट घालून आले. आलेखराव आले. आणि अँब्युलन्स ताफ्याच्या प्रमुख बाई आल्या. जाड बुटांच्या, कमी बोलणाऱ्या, स्वतः वीस वर्षं गाडी चालवून प्रमुख झालेल्या. काका स्टुलावर बसले.

बटन दाबलं. मोटर कण्हली. गर्र, गर्र... सव्वा सेकंद झाला, कंट्रोलरनं करंट तोडला. शांतता.

दुसऱ्यांदा. गर्र... शांतता.

तिसऱ्यांदा तर नुसतंच टक्क. मोठ्या साहेबांच्या मानेवर लाली चढली. आता कुणीतरी विचारणार, असं का? आणि आता उत्तर आपोआप समोर येणार.

आलेखराव खाली वाकले. त्यांनी चेंबरखाली हात घातला, बरोबर जिथे शेगडी असायची तिथे, आणि अगदी सहज, घरच्या माणसाला विचारावं तसं म्हणाले,

“काका, आज शेगडी लावली नाहीत?”

काकांना वाटलं, खोली फिरली. याला माहीत होतं! आठ महिन्यांपूर्वी कपाटात शेगडी दिसली होती, चेंबरखालचा जळका डाग दिसला होता, आणि हा माणूस गप्प बसला होता. कारण तोवर मोटर लहान झाली होती, वरच्या मजल्यावर टाळ्या झाल्या होत्या. चूक पोटात घालायची कला काय एकट्या काकांच्याच वाट्याला आली होती?

“शेगडी म्हणजे?” बाईंनी विचारलं.

मोठे साहेब उगाच साहेब झालेले नव्हते. पापणी लवायच्या आत ते म्हणाले, “पूर्वतापन! आमच्या पद्धतीचा भाग आहे तो. मोटर लहान, त्यामुळे स्वस्त. आणि सोबत पूर्वतापनाची तबकडी. आज आमच्या माणसाकडून राहून गेलं.”

आमच्या माणसाकडून! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आता बोलायचंच, त्यांनी ठरवलं. तोंड उघडलं.

तोच बाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांच्या काळ्या नखांकडे, तेलकट बाह्यांकडे त्यांनी बघितलं. “साहेब लोकांच्या बोलण्यावर माझा विश्वास नसतो,” त्या म्हणाल्या. “हातानं काम करणाऱ्यावर असतो. तुम्ही सांगा. माझ्या गाड्या रस्त्यात उभ्या राहतात, आत आजारी माणूस असतो. या शेगडीच्या भानगडीत हे सगळं नीट चालेल?”

सगळे काकांकडे बघत होते. मोठे साहेब हसऱ्या चेहऱ्यानं, आलेखराव चष्मा हातात धरून. एवढी चांगली वेळ माणसाला आयुष्यात एकदा मिळते. इतक्या वर्षांचा कान, वीस महिन्यांची खोटी रेघ, काकूंचं बोलणं, सगळं त्यांच्या जिभेवर गोळा झालं होतं. काकांनी जीभ हलवली.

“जमेल,” ते म्हणाले.

धन्य! याला काय म्हणावं? सवय माणसाच्या आधी बोलते, एवढंच. बाईंनी मान डोलावली आणि कागद मागितले.

टेस्ट रूम पाडली नाही. उलट दारावर पाटी लागली, ‘पूर्वतापन विभाग’. काकांना चाकांची खुर्ची मिळाली, पद मिळालं. प्रामाणिकपणे काम केलं तेव्हा स्टूल, शेगडी लपवली तेव्हा खुर्ची. अँब्युलन्सच्या आगारात प्रत्येक गाडीच्या जागी जमिनीवर विजेवर तापणारी एकेक तबकडी बसवायचं काम त्यांनी स्वतः उभं राहून केलं. ड्रायव्हर मंडळी त्यांना शेगडीवाले काका म्हणू लागली. गाड्या सकाळी आगारातून झोकात बाहेर पडत. पुढे त्या कुठे थांबल्या, किती वेळ थांबल्या, हे विचारणं पूर्वतापन विभागाच्या कामात बसत नव्हतं. जुनी शेगडी घरी परत आली. काकूंनी ती घासली, ओट्यावर ठेवली, आणि महिनाभर काकांशी कामापुरतं बोलल्या.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी गिऱ्हाइकाच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन काकू जिना उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर दंव होतं. गठ्ठा एकीकडे, काकू दुसरीकडे, आणि उजवा पाय भलत्याच दिशेला. काकांनी त्यांना उचलून कसंबसं वर नेलं, फोन केला. आगार दोन गल्ल्यांवर होतं, अँब्युलन्स पाच मिनिटांत दारात. गाडी उभी राहिली आणि इंजिन आपोआप बंद झालं, ठरल्याप्रमाणे.

पण काकू अशा लगेच निघणाऱ्यांतल्या नव्हत्या. निळी पँट आज द्यायची आहे, कोटाला अस्तर कुठलं लावायचं ते शेजारणीला दाखवा, माझा केसांचा चाप द्या, पाय मोडलाय, अब्रू नाही. अर्धा तास गेला. दोघांनी त्यांना स्ट्रेचरवर घालून जिन्यावरून खाली आणलं, तोवर गाडीच्या काचेवर दंवाची साय धरली होती.

ड्रायव्हरनं बटन दाबलं. गर्र, गर्र... टक्क.

काका आत काकूंशेजारी बसले होते. त्यांनी डोळे मिटले. तो आवाज ओळखायला त्यांना वेळ लागणार होता थोडाच! पुन्हा गर्र, पुन्हा टक्क. ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

“अहो, तुम्ही शेगडीवाले काका ना? बरं झालं, तुम्हीच आहात! घरात आहे का एखादी शेगडी?”

काकूंनी काकांकडे बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

काका वर धावले, ओट्यावरची शेगडी काढली, खाली आले. वायर पुरेना. शेजारणीनं खिडकीतून आपली लांब वायर सोडली, तीही हातभर कमी पडली. दुसऱ्या शेजाऱ्याची जोडली. काका कोट काढून रस्त्यावर उताणे झाले आणि गाडीखाली सरकले. डांबराचा गारठा पाठीत शिरला. शेगडी चेंबरला टेकवायची तर खाली लोखंडी पत्रा आडवा, आणि त्याचे बोल्ट दंवानं आखडलेले. बोटं बधिर झाली. एक बोल्ट तोंडावर पडला. गल्लीतली माणसं वाकून वाकून बघत होती आणि आपसात म्हणत होती, काळजी नको, जमेलकाका आहेत ना खाली.

गाडीच्या उघड्या दारातून काकूंचा आवाज आला. दुखण्यानं चिरकलेला, तरी धार शाबूत.

“काय हो, जमतंय का?”

काका गाडीखाली पडून राहिले. नाकासमोर, वीतभर अंतरावर, त्यांच्याच कारखान्याची ती लहान, चकचकीत मोटर होती. बिचारी आपली सगळी ताकद लावून दमली होती. तिचा काय दोष?

“नाही गं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. “नाही जमत.”

मग काकूंनी ड्रायव्हरला सांगितलं, दुसरी गाडी मागवा, तोवर कुठली तरी टॅक्सी थांबवा, माझा पाय काही पळून जात नाही. आणि स्वतःचा फोन अँब्युलन्समधल्या माणसाच्या हातानं गाडीखाली धाडला. गाडीच्या दारावर, लाल अक्षरात, तक्रारीसाठी ताफ्याच्या प्रमुखांचा नंबर लिहिलेला होता. तो काकूंनी लावूनच दिला होता. पलीकडे घंटा वाजत होती.

“हेच त्या बाईंना सांगा,” काकू वरून म्हणाल्या. “अगदी आत्ता म्हणालात तसंच.”

काकांनी तेलकट हातानं फोन कानाला लावला.

“हॅलो,” पलीकडून आवाज आला. “कोण बोलतंय?”

काकांनी आपलं नाव सांगायला तोंड उघडलं. पण त्या नावानं त्यांना कोण ओळखणार होतं!

“बाई, त्या दिवशी ‘जमेल’ म्हणाला होता ना,” ते म्हणाले, “तो मी बोलतोय. ऐका. नाही जमत.”